लिंबूटिंबूवर राज्य येत नाही

*वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त विशेष शिक्षिकेची उत्तरं*

मागच्या महिन्यात या सदरात मी एवढंच लिहिलं होतं, की दिव्यांग मुलाला पटावर घेणं वेगळं आणि वर्गात घेणं वेगळं. त्यावर बरीच पत्रं आली, काही चांगलीच तापलेली. निवडक पत्रांना इथे उत्तर देते आहे. नावं-गावं काढून टाकली आहेत, कारण ही मुलं रोज शाळेत जातात आणि उद्या कुणी त्यांच्यासमोर हा अंक नाचवायला नको.

मला न ओळखणाऱ्यांसाठी: मी सातारा जिल्ह्यात सव्वीस वर्षं फिरती विशेष शिक्षिका होते. शिकले कर्णबधिर मुलांना शिकवायचं, पण एसटीतून उतरल्यावर समोर जे मूल असेल ते आपलं, अशी ती नोकरी. अपंग एकात्म शिक्षण योजनेत लागले, सर्व शिक्षा अभियानात ‘विषयतज्ज्ञ’ झाले, समग्र शिक्षेत निवृत्त झाले. योजनांच्या पाट्या बदलल्या, माझी पिशवी तीच राहिली. आत एक आरसा, घुंगरांचा चेंडू, कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या आणि जाड टोकाची काळी पेनं.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. घरापासून चालत सात मिनिटांवर अनुदानित शाळा आहे. मुख्याध्यापक म्हणाले, “आमच्याकडे तशी सोय नाही. तिच्याच भल्यासाठी सांगतो, विशेष शाळेत घाला. आणि इथे घालायचंच असेल तर आधी सर्टिफिकेट आणा.” विशेष शाळा चौतीस किलोमीटरवर आहे. काय करू?
*— एक आई*

ताई, ‘तिच्याच भल्यासाठी’ हे मी पुष्कळ मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यातले निम्मे तरी खरंच भले होते. तुमचे सर घाबरलेत असं धरून चाला. आधी कायदा सांगते, मग तो लगेच बाहेर का काढायचा नाही ते सांगते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावायला तो मनाई करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांना तो सांगतो, की भेदभाव न करता प्रवेश द्या आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करा. म्हणजे ज्यांनी सोय करायची तेच ‘सोय नाही’ असं कारण देताहेत. याच कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. कुठे शिकायचं हे मुलानं ठरवायचं, शाळेनं नाही.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर वयाचा दाखला नसला तरीसुद्धा प्रवेश नाकारता येत नाही, मग हा कागद मध्येच कुठून आला? पण तुमच्यासाठी म्हणून तो काढून ठेवा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र, झालं की एसटीची सवलत, शाळेचे भत्ते, पुढे परीक्षेतल्या सवलती यांना रोज नवा पुरावा द्यावा लागत नाही. समग्र शिक्षेत दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, वर्षातले दहा महिने, अशी तरतूद आहे. रक्कम वाचून हसू नका. माझ्याकडच्या एका मुलीला वडिलांनी शाळेत ठेवलं ते त्या दोनशे रुपयांवर डोळा ठेवून, आणि ती सातवीपर्यंत शिकली.

आता कायदा खिशात ठेवा आणि पहिलीच्या बाईंना भेटा. वर्षभर लेकीबरोबर राहणार आहेत त्या, मुख्याध्यापक नव्हेत. एका कागदावर लिहून न्या: हिला काय आवडतं, शू लागली की ती काय खूण करते, चिडली की कशानं शांत होते, कोणते शब्द स्पष्ट बोलते. ऐकून शिकण्यापेक्षा पाहून शिकणं या मुलांना सहसा सोपं जातं, म्हणून तिच्या ओळखीच्या चित्रांची दहा-बारा कार्डं करून द्या. कान आणि डोळे तपासून घ्या, या मुलांत दोन्हींच्या तक्रारी बऱ्याचदा असतात आणि ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली दडून राहतात. आणखी एक गोष्ट बाईंना आवर्जून सांगा: डॉक्टरांनी मान तपासून ‘चालेल’ म्हणेपर्यंत कवायतीत कोलांटउडी नको. मानेचे मणके सैल असण्याचा धोका असतो.

एवढं करूनही नन्नाच असेल तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. तोंडी नकाराचा पत्ता सापडत नाही. माझा अनुभव असा, की शिक्का मागितला की निम्मे नकार टेबलावरच विरघळतात. उरले तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आणि त्यापुढे पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त.

मी द्विशिक्षकी शाळेत आहे. तिसरी-चौथी मिळून एकोणतीस मुलं. त्यात तिसरीत एक मुलगा कानाला मशीन लावणारा. तुम्ही लोक प्रशिक्षणात ‘समावेशन, समावेशन’ करता आणि निघून जाता. विशेष शिक्षक पंधरा दिवसांतून एकदा येतात, सही करतात. मी त्याला रोज विचारतो, “समजलं का?” तो हो म्हणतो. वहीत काहीच नसतं.
*— एक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा*

सर, तुमचा राग रास्त आहे, आणि त्या ‘निघून जाणाऱ्या’ लोकांत मीही होते. सर्वोच्च न्यायालयात २०२१ साली या विषयावर निकाल झाला. त्यात प्राथमिकला दर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण आलं आहे. मी नोकरीत असताना माझ्या वाट्याला किती मुलं होती ते सांगितलं तर तुम्ही मला चहा पाजाल. पण न्यायालयाचं प्रमाण तुमच्या गावात येईपर्यंत हा मुलगा चौथी पास होऊन जाईल, म्हणून आपण उद्या सकाळपासूनचं बोलू.

‘समजलं का?’ हा प्रश्न आधी बंद करा. कमी ऐकू येणारं मूल फार लवकर शिकतं, की ‘हो’ म्हटलं की मोठी माणसं जातात. त्याऐवजी “आता काय करायचंय, सांग” असं विचारा. उत्तर आलं नाही तर निदान तुम्हाला खरं तरी कळेल.

मग मशीन. परिपाठाआधी दोन मिनिटं काढा. त्याच्यासमोर उभे राहून तोंडापुढे वही धरा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी काढा: म, ऊ, आ, ई, श, स. त्यानं तो परत म्हणायचा किंवा ऐकू आला की हात वर करायचा. बोलण्यात जे खालचे-वरचे स्वर लागतात ते या सहांत जवळपास सगळे येतात. एरवी सहाही ऐकणारा मुलगा आज ‘श’ आणि ‘स’ला गप्प राहिला तर काहीतरी बिघडलं आहे. बहुतेक वेळा बॅटरी संपलेली असते, नाहीतर कानातल्या साच्याच्या नळीत मळ किंवा पाण्याचा थेंब अडकलेला असतो. या बॅटऱ्या हवेवर चालतात. मागचा रंगीत कागद काढला की एक-दोन मिनिटं थांबून मग घालायची. खर्च वाचावा म्हणून कागद परत चिकटवून ठेवणारे पालक मी पाहिलेत, त्यानं फारसा उपयोग होत नाही. मूल वाढतं तसा कानही वाढतो, त्यामुळे साचा सैल झाला की मशीन शिट्टी मारायला लागतं. पोरं हसतात, मग मुलगा मशीन दप्तरात टाकतो, आणि तुम्हाला वाटतं तो ‘घालायला कंटाळतो’.

मशीन म्हणजे चष्मा नव्हे. ते तुमचा आवाज मोठा करतं तसा पंखा, बाकांची खरखर, शेजारच्या वर्गाचे पाढे, सगळंच मोठं करतं. श्रावणात पत्र्यावर पाऊस सुरू झाला की त्याच्या कानात काय होत असेल याचा विचार करा आणि त्या वेळी फळ्यावरचं काम द्या.

त्याला पहिल्या नव्हे, दुसऱ्या रांगेत बसवा. पहिल्या रांगेत मान वर करून तुमची हनुवटीच दिसते, आणि मागे काय चाललंय ते कळतच नाही. ज्या कानानं बरं ऐकू येतं तो कान तुमच्याकडे. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, उजेड तुमच्या तोंडावर हवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आणि सर, मिशा असतील तर वरच्या ओठावरच्या जरा छाटा. हे मी पाटण खोऱ्यातल्या एका गुरुजींना सांगितलं, तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. मग छाटल्या.

ओठांवरूनही सगळं कळत नाही. आरशासमोर आवाज न काढता ‘पाट’, ‘भाट’, ‘माठ’ म्हणून बघा. तिन्ही सारखे दिसतात. म्हणून नवा शब्द नुसता बोलू नका, फळ्यावर लिहा आणि वाक्यात घाला. मागच्या बाकावरच्या मुलीनं प्रश्न विचारला तर तिच्याकडे बोट दाखवा आणि तो प्रश्न तुम्ही पुन्हा म्हणा. वर्गातलं अर्धं शिक्षण मुलांच्या एकमेकांशी बोलण्यात असतं आणि त्याच्यापर्यंत नेमकं तेच पोचत नाही.

विशेष शिक्षक सही करून जातात म्हणता. पुढच्या खेपेला त्यांना मुलाजवळ बसू देऊ नका. पुढच्या पंधरवड्यातल्या धड्यांतले वीस नवे शब्द त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, एवढे याच्याकडून करून घ्या. काम दिलं की माणूस बसतो.

माझी मुलगी दुसरीत आहे. तिच्या वर्गात एक स्वमग्न मुलगा आहे. मध्येच उठतो, किंचाळतो. कुणाचं वाईट चिंतत नाही, पण बाकीच्या चाळीस मुलांचं नुकसान होत नाही का? आम्ही काही पालक सह्या गोळा करतोय.
*— एक पालक*

सह्या गोळा करून कुणाचा प्रवेश रद्द होत नाही, तेव्हा तो कागद बाजूला ठेवा. प्रश्न मात्र खोटा नाही. किंचाळण्यानं वर्ग थांबतो, हे मी नाकारणार नाही. मीही त्या वर्गांत उभी राहिले आहे.

असाच एक मुलगा माझ्याकडे होता. रोज मधल्या सुट्टीच्या आसपास टेबलाखाली जाऊन ओरडायचा. ‘भूक लागते’ म्हणालो, ‘लाड’ म्हणालो, वर्गातल्या बाई तर ‘नाटक’ म्हणाल्या. दीड महिन्यानं लक्षात आलं, की त्याच्या खिडकीबाहेर घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा होता. शिपाईदादा तो जीव खाऊन वाजवायचे. मुलाला घड्याळ कळत नव्हतं, पण आता ते होणार आहे हे कळत होतं, आणि ती वाट बघणं त्याला घंटेपेक्षाही असह्य व्हायचं. आम्ही त्याची जागा आतल्या भिंतीकडे नेली. बाई फळ्याच्या कोपऱ्यात दिवसभराचा क्रम चित्रांनी काढू लागल्या: प्रार्थना, गणित, घंटा, खिचडी. घंटेआधी बोट ठेवून दाखवायच्या. तो कानांवर हात ठेवून बसायला शिकला. चार महिने लागले, आणि त्यानंतरही अधूनमधून ओरडायचाच, खोटं कशाला सांगू.

दिवसाचा क्रम फळ्यावर आला तेव्हा बाकीची पोरंही “बाई, आता काय?” विचारायची थांबली. बाईंनी तो क्रम पुढच्या वर्षी, तो मुलगा दुसऱ्या वर्गात गेल्यावरही, चालू ठेवला.

तुम्ही पालक एकत्र आलाच आहात तर त्याच सह्या दुसऱ्या अर्जावर घ्या. चाळीस मुलांच्या वर्गात एकच शिक्षिका आहे, विशेष शिक्षकाची भेट वाढवा, गरज असेल तर मदतनीस द्या, असा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीकडे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. नुकसान होतंय ते मदत न मिळाल्यानं. आणि त्या मुलाच्या आईशी एकदा बोला. तुमच्या सह्यांची बातमी तिला आधीच लागलेली असते.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर घेऊन चालतो, बुद्धी चांगली आहे. चौथीत आहे. शाळा चांगली, कुणी हाकलत नाही, सगळे लाड करतात. पण खेळाच्या तासाला त्याला दप्तरं राखायला बसवतात. चाचणीत काही लिहिलं नाही तरी श्रेणी देतात. तक्रार करावी अशी गोष्ट नाही, तरी मला झोप लागत नाही.
*— एक आई*

ताई, लहानपणी आपण खेळायचो तेव्हा कुणाचा तरी धाकटा भाऊ मध्ये घुसायचा. त्याला नाही म्हणता यायचं नाही, मग त्याला लिंबूटिंबू करायचे. तो पळायचा, लपायचा, पण आउट झाला तरी आउट नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. तुमच्या मुलाला शाळेनं लिंबूटिंबू केलंय. तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे ही, नक्की करा. न लिहिता मिळालेली श्रेणी म्हणजे ‘तुझ्यावर राज्य नाही’ असं सांगणंच आहे.

आधी दुसरंच विचारते. तो शाळेत पाणी पितो का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझ्या अनुभवात अशी बहुतेक मुलं सकाळपासून पाणी टाळतात, कारण स्वच्छतागृहात जाता येत नाही. मग दुपारी डोकं दुखतं आणि शेरा पडतो, ‘लवकर दमतो’. दार वॉकरसकट आत जाता येईल एवढं रुंद आहे का, आत धरायला दांडी आहे का, बसायला कमोडची खुर्ची आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. उतारही मोजा. नियम एकास बाराचा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. मी असे उतार पाहिलेत, की दोन पायऱ्यांवर चार फुटांचा सिमेंटचा पट्टा टाकलाय, फॉर्मवर ‘रॅम्प आहे’ अशी खूण झालीये, आणि पोरं त्याची घसरगुंडी करताहेत.

लिहिण्याचं: हात वळत नसेल तर तोंडी घ्या, पर्यायांवर बोट ठेवू द्या, दहा गणितांऐवजी चार द्या, पण ती चार त्यालाच सोडवू द्या आणि चुकली तर चूक द्या.

आता खेळ. इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका मुलीशेजारी मी आठवड्यातले दोन दिवस वर्गात बसायचे. तिला सगळं समजावून सांगायचे, वही धरायचे, डबा उघडून द्यायचे. महिन्याभरानं एक मुलगी मला म्हणाली, “बाई, तुम्ही नसता तेव्हा आम्ही तिच्याशी बोलतो.” मी त्या दोघींच्या मध्ये बसले होते, अक्षरशः. त्यानंतर मी मागच्या दारापाशी बसायला लागले.

म्हणून खेळाचा प्रश्न मोठ्यांनी सोडवू नये असं माझं मत झालंय. तो मुलांपुढे टाकावा. जावळीतल्या एका शाळेत कुबड्या घेणारा मुलगा होता. गुरुजींनी पोरांना विचारलं, डबा ऐसपैसमध्ये हा कसा खेळेल? अर्धा तास भांडण झालं. ठरलं असं, की त्याच्यावर राज्य असेल तेव्हा डबा उडवायला येणाऱ्यानं लंगडी घालत यायचं. पहिल्याच दिवशी त्याच्यावर राज्य आलं आणि ते उतरेचना. चार डाव झाले. तो रागानं रडायला लागला, कुबडी फेकली. मी उठले, “राहू द्या आता” म्हणणार होते. गुरुजींनी हातानंच मला खाली बसवलं. पाचव्या डावात त्यानं एकाला पकडलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या आधी मैदानात तोच होता.

मुलगा आठवीत. बोलायला हुशार, वाचताना अडखळतो, लिहिणं म्हणजे आनंदच. शाळा म्हणते तपासणी करा, दहावीला सवलत मिळेल. मला हे फुकटचे मार्क वाटतात. आमच्या वेळी असल्या मुलांना दोन फटके दिले की वाचायची.
*— एक वडील*

वाचायची नाहीत हो. शाळा सोडायची. तुमच्या वर्गातली आठवून बघा.

मराठी वाचणं आपल्याला सोपं वाटतं कारण आपल्याला ते येतं. ‘कि’मधली वेलांटी कागदावर ‘क’च्या आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. ‘र’ हे एकच अक्षर सूर्यात डोक्यावर बसतं, चक्रात पायाशी तिरकं जातं, राष्ट्रात खाली टोपी घालतं आणि सुऱ्यात आणखी वेगळं होतं. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं, असलेल्या मुलाला हे सगळं दर वेळी पहिल्यापासून उलगडावं लागतं. भ-म, घ-ध यांची गल्लत होते, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. तो आळशी असता तर बोलण्यातही आळशी दिसला असता.

तपासणी तिसरीच्या सुमारास, आठव्या वर्षी झाली असती तर बरं होतं, पण आताही करा. नजर आणि कान आधी, मग मानसशास्त्रीय चाचण्या. मुंबईत सायन, केईएम, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत त्याची सोय आहे, बाकीच्यांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. शाळेनं ‘प्रशस्त’ या एनसीईआरटीच्या अ‍ॅपवर माहिती भरली असेल तर तेवढ्यानं निदान झालं असं समजू नका, ती फक्त पहिली चाळणी आहे.

फुकटचे मार्क म्हणता. दहावीला तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. ज्याला उत्तर येत नाही त्याला त्या तासात काय सुचणार? लेखनिक मिळतो तोही एक इयत्ता खालचा. आणि उत्तर सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. “परिच्छेद सोड, अर्धविराम दे, आकृतीत डावीकडे ‘अ’ लिही” असं बोलायला सवय लागते. म्हणून नववीच्या घटक चाचण्यांपासून लेखनिक घ्या. मार्चमध्ये पहिल्यांदा शेजारी बसलेला नववीतला अनोळखी मुलगा आपल्या मुलापेक्षा जास्त घाबरलेला असतो. सवलतीचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. शाळेला दिवाळीच्या आत आठवण करा, आणि मग पुन्हा एकदा करा.

शाळा म्हणते, “तुमच्या मुलीला बहुविकलांगता आहे, घरीच शिकवा, बाई येतील.” नाव पटावर आहे. हे बरोबर आहे का?
*— एक आजोबा*

आजोबा, घरी शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यात आला. तीव्र किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी तो *तुम्हाला* दिलेला पर्याय आहे, शाळेची सुटका नव्हे. तब्येतीमुळे तुम्हालाच तो हवा असेल तर घ्या, संकोच नको. नको असेल तर मुलीला आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास शाळेत आणण्यापासून सुरुवात करा, आणि परिपाठाची वेळ धरा. प्रार्थनेला सगळी शाळा एकत्र असते, गाणं असतं, कुणाला काही ‘येण्याची’ गरज नसते. प्रवास आणि मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारा. घरीच शिकवायचं ठरलं तरी बाई कधी, किती वेळ येणार आणि महिन्याभरात काय शिकवणार, हे कागदावर घ्या.

नातू चौथीत आहे. त्याच्या शेजारी बसणारा त्याचा मित्र पूर्ण अंध आहे. रविवारी वाढदिवसाला घरी जेवायला येतोय. मी काय काळजी घेऊ? त्याला भरवावं लागेल का?
*— एक आजी*

आजी, भरवू नका, तो चिडेल.

दारात “कोण आलंय ओळख बरं?” हा खेळ नको, सरळ आपलं नाव सांगा. त्याला हाताला धरून ओढू नका. तुमचा कोपर त्याला धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. उंबरा आला की सांगा. ‘बघ’, ‘टीव्ही पाहिलास का’ असे शब्द बिनधास्त वापरा, तोही वापरत असेल. खेळायला बसली मुलं तर चेंडूला घुंगरू बांधा, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, म्हणजे तो सरपटला की आवाज येतो. तो अंगानं चपळ असेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका. दादरच्या कमला मेहता अंध शाळेच्या मुली शिवाजी पार्कवर मल्लखांब शिकल्या आहेत.

जेवणाचं तर तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. आपलं ताट वाढण्याची रीत आहे ना, वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, मध्ये वरणभात, ती नेमकी तशीच पाळा. हल्ली घरोघरी कसंही वाढतात. ताट ठेवलं की एकदा सांगा, “डावी बाजू नेहमीची, उजवीकडे बटाट्याची भाजी, वाटीत श्रीखंड.” पाण्याचा पेला कुठे आहे ते त्याचा हात लावून दाखवा. तो नीट जेवेल. फक्त मध्येच कुणी आग्रहानं वाढायला येऊन त्याच्या वाटीची जागा बदलू नये, तेवढं नातवाला सांगून ठेवा.